टॉर्च बंद!

काकांना मी सात वर्षं ओळखतो, पण चेहऱ्याने नाही. आमच्या सगळ्या भेटी अमावस्येच्या आगेमागे, भोर तालुक्यातल्या एका माळावर, रात्री आठ ते पहाटे पाच या वेळात झालेल्या. त्या वेळी तिथे माणूस म्हणजे एक काळा आकार आणि त्यातून येणारा आवाज. गेल्या नवरात्रात लक्ष्मी रोडवर भर दुपारी माझा एका टकल्या गृहस्थांना धक्का लागला. "सॉरी" म्हणून मी पुढे निघालो. शेजारच्या दुकानात एक पोरगा गिऱ्हाइकाला मोबाइलचा फ्लॅश लावून दाखवत होता. मागून खणखणीत आवाज आला, "टॉर्च बंद!" पोराच्या हातून फोन पडला. मी गर्रकन वळलो. "काका, तुम्ही?"

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "जरा अजून बोला."

मी दोन वाक्यं बोललो तेव्हा कुठे त्यांना ओळख पटली. तेही मला कधी उजेडात भेटले नव्हते.

आकाशदर्शनाला येणारी पोरंटोरं त्यांना टॉर्चबंद काकाच म्हणतात. काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे हिशेब बँकेचा. डोळा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्या पंचवीस मिनिटांची मुदत ठेव साठत आली, की कुणाच्या तरी वहिनीचा 'पोचलात का' असा मेसेज येतो आणि अख्ख्या माळाचे डोळे दिपतात. "मोडली! चाळीस माणसांची एफडी मोडली तुम्ही!" काका अंधारातून गरजतात. स्वतःच्या बॅटरीला त्यांनी तांबडा जिलेटीन पेपर गुंडाळलाय. आकाशकंदिलातून उरलेला, चार थर. तांबड्या उजेडाने सरावलेला डोळा फारसा बिघडत नाही, हे त्यामागचं शास्त्र. मात्र त्या बॅटरीच्या उजेडात वही वाचायला वाकलेले काका पहिल्यांदा पाहणारा माणूस दोन पावलं मागे सरतो. माळ, अमावस्या, तांबडा उजेड, त्यात एक टक्कल. मी तर पहिल्या वर्षी पाच पावलं सरलो होतो.

हे काका आमचे असले तरी एकटे नव्हेत. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कोल्हापूर, जिथे म्हणून आकाशवेड्यांचं मंडळ जमतं तिथे असा एक काका असायचाच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, हौशी मंडळींची देशातली सर्वांत जुनी संस्था. म्हणजे ही जात तशी स्वातंत्र्यपूर्व. पण तिचं भरघोस पीक आलं ते हॅलेच्या धूमकेतूवर. मुंबईचं खगोल मंडळ १९८५ चं, त्याच लाटेतलं. त्यांच्यापायी वांगणी हे कर्जत लाइनीवरचं स्टेशन कित्येकांना रेल्वेच्या नकाशावर नव्हे तर आकाशाच्या नकाशावर ठाऊक आहे. १९८६ साली जो तरुण पहाटे मफलर गुंडाळून गच्चीवर गेला आणि ज्याला झाडूसारख्या झळझळीत शेपटीऐवजी कापसाचा एक मळकट बोळा दिसला, त्याचं पुढे दोनच प्रकारे होणार होतं. एक तर तो खाली येऊन झोपला, नाहीतर तो काका झाला. हॅले आता २०६१ मध्ये येणार. काका तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे असतील. "मोतीबिंदू वेळेवर काढून घेतला की झालं," एवढंच ते त्यावर म्हणतात.

माळावर जे बांधकाम आहे त्याला वेधशाळा म्हणायचं अशी पद्धत आहे. चार भिंतींची खोली, आत खांबावर बसवलेली मोठी दुर्बीण, आणि वर रुळांवरून सरकणारं पत्र्याचं छप्पर. चाकं सोसायटीच्या फाटकाला असतात तसली. संध्याकाळी चार जण मिळून ते छप्पर मागे ढकलतात तेव्हा असा काही आवाज येतो, की खालच्या वाडीतली कुत्री त्याला उत्तर देतात. वेधशाळा या शब्दाने घोळ मात्र कायमचा. पुणेकराच्या लेखी वेधशाळा म्हणजे शिवाजीनगरचं शिमला ऑफिस, आणि तिचा उद्योग म्हणजे पाऊस सांगणे. त्यामुळे दर मे महिन्यात कुणीतरी येऊन अदबीने विचारतोच, "साहेब, यंदा मान्सून वेळेवर ना?" काकांचं उत्तर ठरलेलं आहे. "ते ढगांच्या खालचं खातं. आमचं ढगांच्या वरचं."

काका कडवे बुद्धिवादी. घरात सत्यनारायण नाही, मुलींची लग्नं पत्रिका न बघता झाली, राहुकाळात घर घेतलं आणि गेली तीस वर्षं त्यात सुखाने राहतायत. मात्र त्यांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये दाते पंचांग असतं, आणि ते एखाद्या याज्ञिकाच्या पंचांगापेक्षा जास्त चुरगळलेलं असतं. नवीन कालनिर्णय घरी आलं की लोक आधी सुट्ट्या बघतात, काका अमावस्येचे काळे ठिपके बघतात. काळ्या ठिपक्याजवळचा शनिवार म्हणजे यांचा मुहूर्त. चंद्र नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिस नाही. त्यात अमावस्येला घरात, भावकीत, सोसायटीत दुसरं कुणी काही ठरवतच नाही, त्यामुळे कार्यक्रमाशी टक्कर होत नाही. सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे लग्नं नसतात. हायवेलगतच्या लॉन्सवर मे महिन्यात रोज रात्री शार्पी लाइटांचे पांढरे सोटे आकाश घुसळत असतात. एकदा तर काकांनी दाखवलेल्या वृश्चिकाची नांगी भर कार्यक्रमात एका वरातीने पुसून टाकली होती. अमावस्येला ही पीडा नाही. "अंधश्रद्धेचा समाजाला झालेला हा एकमेव लाभ," काका म्हणतात, आणि तो लाभ पुरेपूर वसूल करतात.

२०२६ च्या १६ मेला तर सगळंच एकत्र आलं होतं. शनिवार, अमावस्या, त्यात वैशाखातली म्हणून शनी जयंती, आणि दुसऱ्या दिवसापासून अधिक जेठ. लोकांनी कपाळाला हात लावावा असा दिवस. काका मात्र साखरपुड्याला निघाल्यासारखे खुशीत होते. शनी-अमावस्येची रात्र, आणि पुढचा अख्खा महिना अधिक, म्हणजे मुहूर्तच नाहीत, म्हणजे शार्पी नाही! जावयाला धोंड्याचं वाण द्यायचंय हे काकूंनी आठवण करून दिलं तेव्हा ते म्हणाले, "देऊ की. यंदा बायनॉक्युलर देऊ."

एकच अडचण होती. त्या दिवशी आलेल्या शंभरेक माणसांतल्या नव्वदांना शनी बघायचा होता, आणि शनी पहाटे साडेतीनला उगवणार होता.

काकांचं उत्तर रात्रभरात कसं आटत गेलं ते मी ऐकत होतो. आठला पहिल्या कुटुंबाला त्यांनी सविस्तर सांगितलं. शनी सध्या मीन राशीत, आकाशात सूर्याच्या पश्चिमेला, त्यामुळे तो सूर्याआधी उगवतो. सूर्याभोवतीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. दर पंधरा वर्षांनी त्याची कडी आपल्याला काठावरून दिसतात आणि जवळजवळ नाहीशी होतात, तशी ती २०२५ च्या मार्चमध्ये झाली होती, आता हळूहळू पुन्हा उघडतायत. साडेआठला उत्तर झालं, "पहाटे. कडी बारीक आहेत." दहाला, "साडेतीन." आणि अकरानंतर काका नुसतं पूर्वेकडे बोट दाखवायचे, जे अंधारात कुणालाच दिसत नव्हतं.

मेष राशीचे एक गृहस्थ चिकाटीचे निघाले. साडेसाती सुरू झालेली, तेव्हा ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय त्याला एकदा समक्ष बघून घ्यावं असा त्यांचा विचार. त्यात वावगं काही नव्हतं. मीही कर्जाच्या हप्त्याच्या वेळी बँकेत जाऊन तसं बघितलेलं आहे. काका त्यांना म्हणाले, "अहो, तो इथून दीडशे कोटी किलोमीटरवर आहे. तुमच्याकडे बघायला त्याला सवड कुठली?"

"पण माझा प्लॉट अडकलाय," ते गृहस्थ म्हणाले.

हिरवा लेझर हातात आला की काका काका राहत नाहीत. माळावर शंभर माणसं सतरंज्या पसरून उताणी पडलेली, आणि वर त्यांची ती हिरवी काठी ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत फिरतेय. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे ओढली की स्वाती, तशीच आणखी ओढली की चित्रा. हस्ताचे चार-पाच तारे, पंजासारखे. दक्षिणेला क्षितिजावर जेमतेम मूठभर वर त्रिशंकू. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, हे ते शंभर जणांकडून करून घेतात, आणि अंधारात शेजाऱ्याच्या नाकावर मूठ बसल्याचा एखादा आवाज हमखास येतो. उत्तरेला ध्रुव असतो, पण त्याची उंची आपल्याकडे अठरा अंश आणि पुण्याचा उजेड वीस अंशांपर्यंत. "ध्रुव अढळ आहे," काका म्हणतात, "पण पीएमआरडीए त्याहून अढळ."

त्यांची खास करामत पुढची. प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, हे सांगून उपयोग नसतो. असले आकडे लोक हल्ली घोटाळ्यांच्या बातम्यांतही ऐकून सोडून देतात. म्हणून काका माणसाला वय विचारतात आणि त्याच्या वयाचा तारा काढून देतात. आठ वर्षांच्या मुलाला व्याध, कारण व्याधाचा प्रकाश इथे यायला साडेआठ वर्षं लागतात. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीला अभिजित, पंचवीस वर्षं. सदतिशीच्या जोडप्याला स्वाती. "तुम्ही जन्मलात तेव्हा तिकडून निघालेला उजेड आज तुमच्या डोळ्यांत शिरतोय. मध्ये कुठेही थांबा नाही." एकोणऐंशी वर्षांचे एक आजोबा नातवाच्या आधाराने उभे होते, त्यांना पश्चिमेची मघा मिळाली. "१९४७ ला निघालाय हा." आजोबा बराच वेळ वर बघत राहिले, मग म्हणाले, "त्या मानाने बरा पोचला." चित्रा कुणालाच मिळत नाही. तिचा प्रकाश अडीचशे वर्षांपूर्वीचा. "ती सवाई माधवरावांसाठी राखीव."

एक बाई होत्या, त्यांनी वय सांगायला नकार दिला. काकांनी त्यांना ओमेगा सेंटॉरी दाखवला. सतरा हजार प्रकाशवर्षं. त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

आता दुर्बिणीबद्दल. खोलीतली मोठी दुर्बीण मंडळाची, पण बाहेर गवतावर जी आठ इंची ठेवलेली असते ती काकांची स्वतःची. आणि स्वतःची म्हणजे आरसासुद्धा स्वतः घासलेला. काचेच्या दोन जाड तबकड्या घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं, आणि वरची खालचीवर घासत राहायची. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. सगळीकडून सारखं घासलं जावं म्हणून घासणाऱ्याने मधूनमधून एकेक पाऊल सरकत सबंध गोल फिरायचं असतं. काकांनी हे गॅलरीत पाण्याच्या पिंपावर केलं. रोज बँकेतून आल्यावर दोन तास, सात महिने. समोरच्या इमारतीतल्या बायकांना जे दिसायचं ते असं, की हे नास्तिक गृहस्थ रोज तिन्हीसांजेला पिंपाला प्रदक्षिणा घालतात. एकीने काकूंना विचारलंसुद्धा, "नवस बोललात का हो?"

काकू म्हणाल्या, "त्यांनी बोललाय. मी फेडतेय."

कारण ती करडी पूड गॅलरीतून घरात, घरातून डब्यांत. त्या वर्षीचा रवा दाताखाली करकरायचा. मग पॉलिश, मग दाढीच्या पात्याने सावली पाडून आरशाचा आकार तपासणं. त्यात चूक चालते ती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या हिशेबात. "आणि बाथरूमचा दरवाजा अर्धा इंच घासतोय चार वर्षं, तो नाही दिसत," असं काकू पिठलं वाढता वाढता मला म्हणाल्या. माळावरचं जेवण त्यांच्याकडे असतं. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि दोन वाजता चहा. तारे बघायला आलेल्या माणसांतली निम्मी पुन्हा येतात ती या पिठल्यासाठी असं माझं मत आहे, आणि मी त्या निम्म्यांत आहे.

रांग हा काकांच्या आयुष्याचा मुख्य विषय. तारे त्यामानाने दुय्यम. "एका माणसाला दहा सेकंद! हात मागे! दुर्बिणीला धरायचं नाही, ती लोकल नाही!" त्या रात्री शुक्र लवकर मावळला, मग गुरूवर रांग लागली. मिथुनेत गुरू, त्याच्या बाजूला एका ओळीत त्याचे चंद्र, १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला दिसले तेच. प्रत्येकाच्या पाठीशी उभं राहून काका विचारत होते, "दिसलं?" आणि प्रत्येक जण म्हणत होता, "वा!" "अप्रतिम!" "चारही दिसले!" एका गृहस्थांनी तर त्यावरचे पट्टे वर्णन करून सांगितले. मग स्टुलावर चढली सातेक वर्षांची एक मुलगी. तिने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

"काका, इथे काहीच नाहीये."

काकांनी वाकून बघितलं. खरंच काही नव्हतं. पृथ्वी फिरते, त्यामुळे असल्या साध्या दुर्बिणीतून एका जागी लावलेला गुरू दीडेक मिनिटात चौकटीबाहेर निघून जातो. दर चार-पाच माणसांमागे ती जरा ढकलावी लागते. मेषवाल्या गृहस्थांच्या प्लॉटच्या नादात ती ढकलायची राहिली होती. म्हणजे किमान अकरा माणसांनी काळंभोर रिकामं आकाश बघून "अप्रतिम" म्हटलं होतं. मला वाटलं, आता काका भडकणार. पण त्यांनी दुर्बीण हलवली, एक क्षण डोळा लावून गुरू मधोमध आणला आणि मुलीला म्हणाले, "तू बघ. सावकाश बघ." तिला त्यांनी दहा सेकंद मोजले नाहीत. मागच्या अकरा जणांनाही परत रांगेत यायला सांगितलं नाही. सुखी होते ते लोक.

त्यातच एक नवं जोडपं होतं. नवरीला अरुंधती बघायची होती. लग्नात भटजींनी दुपारी साडेबाराला मंगल कार्यालयाच्या फॉल्स सीलिंगकडे बोट दाखवलं होतं. काकांनी सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याला चिकटून असलेली ती अंधूक अरुंधती लेझरने दाखवली. दोघं एकमेकांकडे बघून हसली. इथे दुसरा कुणी थांबला असता. पण काकांनी वसिष्ठावर दुर्बीण लावली. "आता बघा, वसिष्ठ एक नाही, दोन आहेत. शिवाय त्या दोघांतला प्रत्येक जण पुन्हा जोडीने आहे, ते इथून दिसत नाही. आणि अरुंधतीलाही एक जोडीदार सापडलाय, अगदी अलीकडे. एकूण सहा."

मुलगा जरा थांबून म्हणाला, "म्हणजे एकत्र कुटुंब."

"आपल्या घरासारखंच," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून काकांनी घाईने विषय शौरीतल्या तारकागुच्छाकडे वळवला.

साडेअकराच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिक पुरता वर आला. लाल ज्येष्ठा, आणि खाली वळत गेलेली नांगी. नांगीचं टोक म्हणजे मूळ. इथे काकांचं ठरलेलं भाषण असतं आणि ते चढ्या आवाजात असतं. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या मुळावर येते म्हणणारे कोण, त्यांनी हे तारे एकदा तरी बघितलेत का, कित्येकशे प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याला कुणाचा सासरा काय माहीत, वगैरे. सात वर्षं मी ते ऐकतोय आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नाही. त्या रात्री भाषण मध्यावर आलं असताना सतरंजीच्या कडेवरून एका बाईंचा आवाज आला. पन्नाशीच्या असाव्यात.

"म्हणजे माझं नक्षत्र हेच का?"

काका थांबले. "मूळ का तुमचं?"

"हो. आमच्याकडे नावसुद्धा घ्यायचे नाहीत. सासरे आधीच वारलेले घर बघून दिली मला." मग थोडा वेळ काही नाही. लेझरची हिरवी रेघ नांगीच्या टोकावर तशीच टेकलेली. "दिसायला तर किती छान आहे हो."

काकांनी उरलेलं भाषण केलं नाही. त्यांनी बाईंना बायनॉक्युलर दिला आणि टोकाच्या जरा डावीकडे धरायला सांगितला, तिथे ताऱ्यांचा एक सुटा पुंजका आहे. बाईंनी तो अर्धा तास परत दिला नाही. काकांनी मागितलाही नाही.

मध्यरात्री तेलाचा प्रसंग घडला. नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी पिशवीतून छोटी बाटली काढली. तिळाचं तेल. जयंतीला शनीला वाहायचं, तो उगवेपर्यंत त्या जागू शकणार नव्हत्या, तेव्हा दुर्बिणीच्या पायाशी घातलं तर चालेल का? काकांचा चेहरा अर्थातच दिसला नाही. पण एक श्वास आत गेल्याचा ऐकू आला, आणि काकूंचा आवाजही: "अहो, आजी आहेत त्या." तेवढ्यात मंडळाचा एक पोरगा म्हणाला, "आजी, माझ्याकडे द्या. पोचवतो." बाटली घेऊन तो अंधारात गेला.

काका एव्हाना आकाशगंगेकडे वळले होते. धनूचा भाग वर आला की दक्षिणेकडे ती धुरकट दिसू लागते, आणि दर वर्षी पन्नास माणसं म्हणतात, "अरेरे, ढग आला." काकांना हे वाक्य ऐकायला फार आवडतं, कारण मग म्हणता येतं, "तो ढग नाही! ती आकाशगंगा! तुम्ही आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडे बघताय!" त्या रात्री त्यांनी हे पाच वेळा म्हटलं. सहाव्यांदा हिरवी काठी त्या पांढुरक्या पट्ट्यावर फिरवत ते धुळीबद्दल आणि ताऱ्यांच्या गर्दीबद्दल सांगत असताना आजींचा नातू म्हणाला,

"काका, ती सरकतेय."

शांतता. मग गार वारं. मग दूर कुठेतरी वीज. वळवाचा ढग होता. "छप्पर!" काका ओरडले, आणि चार पोरं धावली. मी कान मिटून घ्यायच्या बेतात होतो, कुत्रीही तयार असणार. पण छप्पर सुळकन सरकलं. आवाज म्हणून नाही. तिळाचं तेल रुळांवर आणि चाकांवर गेलेलं होतं. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना काय झालं ते बरोबर कळलं.

"पावला," त्या म्हणाल्या.

काका आपल्या दुर्बिणीवर प्लॅस्टिक अंथरत होते. त्यांना ऐकू गेलं असावं. पण ते काही बोलले नाहीत. आणि रुळांना दर वर्षी तेल घालायचा मुद्दा वार्षिक सभेत नऊ वर्षं पडून आहे हेही, निदान त्या वेळी, कुणी बोललं नाही.

चार टपोरे थेंब पडले आणि ढग हायवेकडे निघून गेला. तीनपर्यंत आकाश धुतल्यासारखं झालं. पण मंडळी ढेपाळली होती. मेषवाले गृहस्थ चादर तोंडावर घेऊन घोरत होते. नवं जोडपं गाडीत झोपलेलं. आजी, नातू, १९४७ चे आजोबा, सगळे सतरंजीवर आडवे. शनीसाठी आलेले नव्वद लोक, आणि शनी उगवला तेव्हा त्यातला एकही जागा नव्हता. मी मधेच डुलकी काढून उठलो ते साडेचारच्या पुढे, पिठल्यावर दोनचा चहा झाल्यामुळे. परत येताना बघितलं तर काका दुर्बिणीवर वाकलेले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सात वर्षांत मी त्यांना दुर्बिणीला क्षणापेक्षा जास्त डोळा लावताना बघितलेलं नव्हतं. लावायचे, मधोमध आणायचे, बाजूला व्हायचे. "दिसलं? पुढचा!"

मी मागे जाऊन उभा राहिलो. रांगेत मी एकटाच. दहा सेकंद झाले, वीस झाले. हळूच विचारलं, "काका, दिसलं का?"

"हूं."

"कडी?"

"सुईसारखी." मग बऱ्याच वेळाने, "एका बाजूला टायटन आहे."

आणखी दोन-तीन मिनिटं गेली. दर थोड्या वेळाने त्यांचा हात दुर्बीण एवढीशी ढकलत होता, पिंपाभोवती पाऊल सरकत असेल तसा. मी म्हणालो, "काका, दहा सेकंद."

"रांगेत राहा," काका डोळा न काढता म्हणाले.

मग त्यांनी मान आक्रसली, मोकळ्या तळहाताने डोळ्याच्या बाजूला आडोसा केला, आणि माळावरच्या शंभर झोपलेल्या माणसांना उद्देशून गरजले,

"कोण आहे तो? टॉर्च बंद!"

आजोबा दचकून उठून बसले. मी इकडेतिकडे बघितलं. टॉर्च कुणाचाच नव्हता. पूर्वेला फटफटत होतं.